जे लावले ते काढता आले पाहिजे

मुंबई–कोलकाता महामार्गावर महाराष्ट्र संपायच्या थोडे आधी देवरी लागते. गोंदिया जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय इथे आहे, जंगलपट्ट्यातल्या आश्रमशाळा त्याच्या कक्षेत येतात, आणि तालुक्यात मराठीच्या जोडीला गोंडी, हिंदी, छत्तीसगढीही कानावर पडते. अशा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत दहा संगणकांची प्रयोगशाळा आहे आणि त्यांवर डेबियन किंवा तिच्यापासून निघालेली एखादी प्रणाली चालते, असे धरून चालू. यात अशक्य काही नाही. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे, आणि केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवरच मुलांना शिकवत आल्या आहेत. या प्रयोगशाळेत नवे सॉफ्टवेअर कोणत्या वाटेने आत घ्यायचे आणि नको झाले की कोणत्या वाटेने बाहेर काढायचे, एवढाच इथला प्रश्न आहे. त्यावर दोन भूमिका आहेत. मी त्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत: बाजारात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे भाऊ आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडम. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र रोजच्या व्यवहारातले आहेत. माझा कौल मॅडमच्या बाजूने आहे हे आधीच सांगतो. म्हणूनच भाऊंचे म्हणणे कुठेही पातळ न करता मांडणे मला भाग आहे.

भाऊ म्हणतात, “मॅडम, सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्याच्याकडूनच घ्यावं. ताजी आवृत्ती मिळते. मी ती फाइल दुकानात उतरवतो, पेन ड्राइव्हवर आणतो, दहाही संगणकांत टाकतो, दुपारपर्यंत काम आटोपते. तुम्ही म्हणता डेबियनच्या भांडारातून, तिच्या एपीटी या साधनानंच टाका. त्याला नेट लागते, अन् पावसाळ्यात इथं नेटचा काय भरवसा? वरून तिथली आवृत्ती दोन-दोन वर्षं जुनी. त्यासाठी काहून थांबायचं? अन् उद्या बिघडलंच काही, तर अख्खी प्रणाली पुसून नवी टाकून देतो. तासाभराचं तर काम आहे.” या बोलण्यात तीन वेगळे दावे आहेत: ताजेपणाचा, नेटच्या अडचणीचा आणि पुसून नव्याने सुरू करण्याचा. तिन्हींत तथ्य आहे. पण तिन्ही दावे सॉफ्टवेअर आत घेण्यापुरतेच पाहतात. ते किती लवकर आणि किती नवे आत आले, यावर भाऊ मोजतात. माझ्या मते कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा ते बाहेर काढताना होते.

मॅडमचे उत्तर तिथूनच सुरू होते. “भाऊ, शाळेत खुर्ची आली तरी आधी डेडस्टॉक रजिस्टरला चढते. मोडली तर तशीच फेकून देता येत नाही, निर्लेखन करावं लागतं. तुम्ही संगणकात जे टाकता त्याची नोंद कुठं आहे?” जडसंग्रह नोंदवहीची ही तुलना नेमकी आहे. पॅकेज व्यवस्थापक म्हणजे सॉफ्टवेअर आणून देणारा हमाल, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात आणून देणे हा त्याच्या कामाचा लहान भाग आहे. मुख्य काम नोंद ठेवण्याचे. डेबियनचे एक पॅकेज, म्हणजे एक डेब फाइल, उघडून पाहिली तर आत दोन गठ्ठे दिसतात. एकात प्रत्यक्ष फाइली असतात. दुसऱ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते सांभाळणारा कोण, त्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात आणि घालण्याच्या व काढण्याच्या आधी-नंतर काय करायचे, त्या सूचना असतात. डीपीकेजी हे मूळ साधन पॅकेज मांडते तेव्हा प्रत्येक फाइल कुठे ठेवली त्याची यादी संगणकात लिहून ठेवते. पुढे दोन वर्षांनी कोणत्याही फाइलवर बोट ठेवून ‘ही कोणाची?’ असे विचारले, तर ते मालकाचे नाव सांगते. कोणत्या तारखेला कोणत्या आज्ञेने काय आले आणि काय गेले, तेही एपीटीच्या इतिहासात काही काळ राहते.

भाऊंच्या पद्धतीत, म्हणजे निर्मात्याकडून थेट घेण्याच्या रीतींत, हे कुठे गळते, ते पाहू. मूळ कोड आणून संगणकावरच बांधायचा आणि ‘मेक इन्स्टॉल’ म्हणायचे, ही युनिक्सची जुनी रीत. ती आज्ञा फाइली ठिकठिकाणी पसरवते: कार्यक्रम एकीकडे, त्याची लायब्ररी दुसरीकडे, माहितीपाने तिसरीकडे. कोणी चांगल्या सवयीचा असेल तर त्याने ‘मेक अनइन्स्टॉल’चीही सोय केलेली असते; पण ती बंधनकारक नाही, आणि मूळ कोडचे फोल्डर पुसले गेले की तीही हाती राहत नाही. संकेतस्थळावरून एक स्क्रिप्ट उतरवून थेट प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची, ही आजची लोकप्रिय रीत त्याहून अपारदर्शक आहे. तिने काय केले हे ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लिनक्सच्या जगाला ही अडचण फार लवकर कळली. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली, ती मुळात नीट सांभाळलेल्या, एकसंध प्रणालीसाठी. डीपीकेजी त्याच सुरुवातीच्या काळातले. एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजे आपणहून शोधून आणणारे एपीटी मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आले. त्याच दशकात रेड हॅटकडे आरपीएम आणि फ्रीबीएसडीकडे पोर्ट्स उभे राहिले. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच गरजेकडे यावे, याला माझ्या लेखी पुराव्याइतके वजन आहे.

भाऊ इथे एक चांगला आक्षेप घेतात. “पण मॅडम, तुमचं एपीटी तरी कुठं सगळं काढते? रिमूव्ह म्हटलं की मागे कचरा राहतोच.” खरे आहे. रिमूव्ह केल्यावर कार्यक्रम जातो, पण त्याच्या मांडणीच्या, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या, फाइली राहतात. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजापुढे ‘आरसी’ अशी खूण दिसते: काढले, पण मांडणी शिल्लक. त्या फाइलीही नकोत तर पर्ज म्हणावे लागते. शिवाय त्या पॅकेजासोबत ओढून आणलेली इतर पॅकेजे मागे उरतात, त्यांच्यासाठी ऑटोरिमूव्ह. प्रथमदर्शनी हा घोळ वाटतो, पण या तीन पायऱ्यांमागे विचार आहे. प्रशासकाने हाताने बदललेली मांडणी ही त्याची मेहनत आहे. उद्या तेच पॅकेज पुन्हा घातले तर ती कामी येते, म्हणून ती न विचारता पुसायची नाही. सोबत आलेल्या पॅकेजांची गोष्ट निराळी. ती आपण मागितली नव्हती, आणि एपीटी त्यांच्यावर तशी खूण करून ठेवते. म्हणूनच नंतर, आता त्यांची कोणालाच गरज उरली नाही, हे त्याला सांगता येते. मुलांच्या स्वतःच्या फोल्डरांना तर पर्जही हात लावत नाही. लिबरऑफिस समूळ काढले तरी सातवीतल्या मुलीने लिहिलेला निबंध जागेवर असतो. मागे काही उरते हा दोष नाही. काय उरले आणि का उरले हे सांगता न येणे हा दोष, आणि तो भाऊंच्या पद्धतीत आहे.

काढण्याची वाट निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लायनस सेबास्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध व्हिडिओकाराने पॉप ओएस या एपीटी वापरणाऱ्या प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर घालायला घेतले. डिपेंडन्सींचा, म्हणजे एकमेकांना लागणाऱ्या पॅकेजांचा, मेळ बसत नव्हता, आणि एपीटीने काढलेला तोडगा असा होता की स्टीम येईल, पण पडद्यावरचा सगळा डेस्कटॉप जाईल. एपीटीने यादी दाखवली, ही पॅकेजे अत्यावश्यक आहेत असा इशारा दिला आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे पूर्ण वाक्य टंकायला लावले. त्यांनी ते टंकले, आणि डेस्कटॉप गेला. भाऊ म्हणतील, बघा, तुमची नोंदवही स्वतःच घर पाडते. आक्षेप गंभीर आहे, आणि एपीटी सांभाळणाऱ्यांनीही तो गंभीरपणे घेतला; त्यानंतर अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची वाट त्यांनी आणखी अवघड केली. पण जे घडणार होते त्याची संपूर्ण यादी आधी पडद्यावर होती, हेही तितकेच खरे. एपीटीला नुसते सोंग करायला सांगता येते: काय येईल, काय जाईल ते दाखव, करू काहीच नको. प्रयोगशाळेत काहीही काढण्याआधी ती यादी वाचणे हाच नियम करावा, आणि तो मुलांनाही शिकवावा. इंग्रजी इशारे न वाचता ‘वाय’ दाबण्याची सवय ही शिकवण्याचीच बाब आहे. डेबियन संगणकात घालण्याची प्रक्रिया मराठीतही चालते, मात्र आज्ञावलीवरचे सगळेच संदेश मराठीत भेटत नाहीत, आणि इथे भाऊंचा वैताग मला पूर्ण समजतो.

आता ताजेपणाचा मुद्दा. तो सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्यात तथ्यही सर्वाधिक आहे. गणिताच्या शिक्षकांना जिओजेब्रा हवे असते. डेबियनच्या भांडारात त्याची आवृत्ती वर्षानुवर्षे ४.० च्या मालिकेवर थांबलेली होती, जग कितीतरी पुढे गेले तरी. अशा वेळी जुन्या आवृत्तीतच समाधान माना असे मॅडमनी सांगणे अन्यायाचे होईल. पण जुनेपणाची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिली. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साध्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, प्रकल्पात दीर्घकाळ विश्वास कमावून शिरलेल्या व्यक्तीने चोरवाट बसवली होती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला, आणि २९ मार्चला प्रकार उघड झाला. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत त्या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. जुन्या आवृत्त्यांवर थांबणाऱ्या स्थिर शाखेत नाहीत. ज्यांनी मूळ निर्मात्याकडून ताजी फाइल घेतली त्यांनी चोरवाट असलेलीच फाइल घेतली, कारण ती मूळ प्रकल्पाच्या अधिकृत गाठोड्यातच होती. ‘बनवणाऱ्याकडूनच घ्यावे’ हा भाऊंचा सल्ला त्या महिन्यात कोणालाही वाचवू शकला नसता.

हे उदाहरण माझ्या बाजूने इतके स्वच्छ नाही, हे मान्य करायला हवे. त्या चोरवाटेच्या स्क्रिप्टने डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात आहे का ते तपासले होते. हल्लेखोराचे लक्ष्य पॅकेज बनवणारी मंडळीच होती. मधल्या माणसाची चूक तर आणखी जुनी आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात केलेल्या एका बदलाने गुप्त किल्ल्या बनवण्यातली अनिश्चितता जवळपास संपवली. मूळ निर्मात्यांचा कोड ठीक होता, बिघाड पॅकेजकाराने केला. १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला तोवर डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूवर बनलेल्या असंख्य किल्ल्या सुमारे ३२ हजार शक्यतांमधून ओळखता येण्याजोग्या झाल्या होत्या. भाऊ विचारतील, “मग मधला माणूस ठेवायचाच कशाला?” मधला माणूस चुकत नाही म्हणून त्याला ठेवायचा नसतो. चूक सापडल्यावर ती कुठे कुठे गेली हे कळावे आणि एकाच जागेवरून मागे घेता यावी, म्हणून ठेवायचा. २००८ मध्ये दुरुस्ती त्याच वाटेने प्रत्येक संगणकावर गेली आणि कमकुवत किल्ल्या ओळखण्याच्या याद्याही पॅकेज म्हणून गेल्या. २०२४ मध्ये डेबियनने एक्सझेडची आवृत्ती मागे नेली. पण व्यवस्थापक नेहमी मोठ्या क्रमांकाकडेच जातो, म्हणून नव्या पॅकेजाच्या क्रमांकात ‘५.६.१, खरे तर ५.४.५’ अशा अर्थाची जोड लावली. क्रमांक थोडा विचित्र दिसतो, पण चाचणी-शाखेतल्या ज्या संगणकाने नेहमीची अद्ययावत करण्याची आज्ञा दिली, त्याच्यावरून चोरवाट गेली. पेन ड्राइव्हने वाटलेली फाइल परत बोलावण्याचा असा कोणताच मार्ग नाही. ती कोणकोणत्या दहा, वीस, पन्नास संगणकांत आहे, हे भाऊंनाही आठवून सांगावे लागेल.

नेटची अडचण खरी आहे, आणि देवरीच्या आतल्या गावांत ती शहरातल्या माणसाला वाटते त्याहून मोठी आहे. पण ‘एपीटीला नेट लागते’ या वाक्यातून ‘प्रत्येक संगणकाला, प्रत्येक वेळी नेट लागते’ हा निष्कर्ष निघत नाही. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने लिहिलेले एपीटी-ऑफलाइन नेमके यासाठी आहे. नेट नसलेला संगणक आपल्याला काय हवे त्याची एक छोटी फाइल लिहून देतो. ती पेन ड्राइव्हवर घालून नेट असलेल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकावर न्यायची, तो विंडोजचा असला तरी चालतो. तिथून सगळी पॅकेजे उतरवून परत आणायची, आणि शाळेतला संगणक त्यांच्यासोबत आलेल्या स्वाक्षऱ्या व बेरजा तपासून मगच ती घेतो. म्हणजे भाऊंचा पेन ड्राइव्ह आणि भाऊंची फेरी, दोन्ही तशीच राहतात. फक्त काय आणायचे ते संगणक सांगतो आणि जे आले ते खरे आहे का तेही संगणकच पाहतो. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर एपीटी-कॅशर-एनजी बसवले, तर एकदा उतरवलेले पॅकेज बाकीच्या नऊ संगणकांना तिथूनच मिळते. अडचण आहे ती हे सांगणाऱ्याची. दुरुस्तीच्या दुकानात हे कोणी शिकवत नाही, आणि शाळेच्या प्रशिक्षणातही बहुधा टंकन आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर याच्या पुढे गाडी जात नाही.

राहिला पुसून नव्याने टाकण्याचा मार्ग. एका माणसाच्या एका संगणकासाठी तो चालतो, आणि तिथे मी भाऊंशी वाद घालणार नाही. प्रयोगशाळेत मात्र संगणक कोणा एकाचा नसतो, आणि शिक्षकही कायमचे नसतात. बदली होते, नवे माणूस येते. ‘पुन्हा टाकून देतो’ म्हणताना काय काय पुन्हा टाकायचे, ही यादी भाऊंच्या डोक्यात असते. एपीटीला विचारले तर आपण होऊन मागितलेल्या पॅकेजांची यादी ते एका आज्ञेत देते. ती छापून नोंदवहीत लावली की नव्या माणसाला त्याच यादीवरून दुसरा संगणक जसाच्या तसा उभा करता येतो. या भागातलेच एक उदाहरण घेऊ. गोंडीसाठी मसराम लिपी १९१८ मध्ये शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केली, आणि २०१७ च्या युनिकोड १०.० मध्ये तिला जागा मिळाली. तिचा टंक फाइल म्हणून आणून एखाद्या शिक्षकाने स्वतःच्या फोल्डरात टाकला, तर त्याच्या खात्यात अक्षरे दिसतात आणि त्याच संगणकावर मुलाच्या खात्यात चौकोन दिसतात. शिक्षकाचे खाते काढले की टंकही गेला, आणि का गेला ते कोणालाच कळत नाही. डेबियनच्या नोटो टंकांच्या पॅकेजात तो टंक आहे. तिथून घेतला तर तो सर्व खात्यांसाठी बसतो, टंकांची यादी आपोआप ताजी होते, आणि वर सांगितलेल्या छापील यादीत त्याचे नाव असते. गोंडी बोलणाऱ्या मुलाला आपली लिपी पडद्यावर दिसणे कोणा एकाच्या आठवणीवर अवलंबून राहू नये, एवढे तरी आपण करायला हवे.

भाऊंचा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. “अन् जे भांडारात नाहीच, त्याचं काय?” डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजे होती, तरीही नसलेल्या गोष्टी निघतातच, नवे जिओजेब्रा हे त्यांपैकीच. फ्लॅटपॅकसारख्या सोयी आहेत. त्या आपल्या लायब्ऱ्या सोबत आणतात आणि स्वतःची नोंदही ठेवतात, म्हणून चालतील, पण त्यांचा आकार मोठा आणि देवरीचे नेट बारीक. मॅडमचे उत्तर मला अधिक पटते: “भाऊ, आपणच पॅकेज बनवू.” साध्या फाइलींचे डेब बनवायला एक फोल्डर, नाव, आवृत्ती, सांभाळणारा आणि वर्णन सांगणारी पाच-सात ओळींची एक फाइल, आणि डीपीकेजी-डेबची एक आज्ञा एवढे पुरते. शिक्षकांनी जमवलेली गोंडी शब्दसूची असो की तालुक्याचे नकाशे, ते या वाटेने दहाही संगणकांवर जाऊ शकतात, पुढच्या वर्षी सुधारून बदलता येतात, नको झाल्यास एका आज्ञेने निघतात. नववी-दहावीच्या मुलांच्या आवाक्यातले हे काम आहे. त्यात एक जोखीम मात्र उरते. असे हाताने दिलेले डेब डीपीकेजी स्वाक्षरी न पाहताच घेते. स्वाक्षरीची तपासणी भांडाराच्या पातळीवर होते. म्हणजे शाळेचे स्वतःचे छोटे भांडार हवे, त्याची किल्ली कोणाच्या तरी हाती हवी, आणि बदलीच्या दिवशी ती पुढच्या माणसाला रीतसर सोपवलेली हवी. ती किल्ली शाळेने ठेवावी, प्रकल्प कार्यालयाने की भाऊंच्या दुकानाने, यावर दोघांचे अजून जमलेले नाही. भाऊ म्हणतात, दुकान माझे इथेच राहणार आहे, मॅडमची बदली होईल. मॅडम म्हणतात, दुकान एका माणसाचे आहे, कार्यालय सगळ्या शाळांचे. मी कार्यालयाकडे झुकतो, पण तिथे ती किल्ली सांभाळण्याचे काम नेमून दिलेला माणूस असेल तरच.